मुद्देमालात नसलेला खंजीर

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या ‘राशोमोन’ या चित्रपटात अगदी शेवटाकडे एक प्रश्न विचारला जातो, आणि चित्रपट संपल्यावर तोच डोक्यात घोळत राहतो. मुसळधार पाऊस पडतोय. शहराच्या पडक्या वेशीखाली तिघं अडकून बसलेत: एक लाकूडतोड्या, एक भिक्षू आणि कुठूनसा आलेला एक टग्या. कुणीतरी टाकून दिलेलं तान्हं बाळ तिथे रडायला लागतं. टग्या बाळाच्या अंगाभोवतीचे कपडे ओढून काढतो. लाकूडतोड्या चिडून त्याच्या अंगावर धावून जातो, माणूस म्हणवतोस का स्वतःला, असं काहीबाही बोलतो. त्यावर टग्या त्याला धरून विचारतो, मग त्या बाईचा तो मोती जडवलेला खंजीर कुठे गेला? लाकूडतोड्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. टग्या त्याच्या थोबाडीत देतो, मोठ्याने हसतो आणि कपडे घेऊन पावसात निघून जातो.

या चित्रपटाबद्दल बोलताना हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. ‘राशोमोन’ म्हटलं की एक ठरलेलं वाक्य येतं: प्रत्येकाचं सत्य वेगळं. १९५० साली आलेला, अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा हा चित्रपट त्या एका वाक्यात गुंडाळला गेला आहे. रानात एक सामुराई, म्हणजे जपानी योद्धा, मरतो; त्याची बायको आणि एक दरोडेखोर तिथे असतात. या एका घटनेच्या चार हकिगती, चारही एकमेकींना खोडणाऱ्या, तेव्हा खरं असं काही नसतंच, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. पण खंजीर या निष्कर्षात बसत नाही. तो होता. सगळे मान्य करतात की होता. आणि आता तो नाही. दृष्टिकोन बदलला म्हणून खंजीर नाहीसा होत नाही. तो कुणीतरी उचललेला असतो.

म्हणून दुसऱ्यांदा चित्रपट बघताना चेहरे सोडून द्यावेत आणि फक्त वस्तूंवर नजर ठेवावी. एक कागद घ्यावा आणि तीन गोष्टींची नोंद करत जावं: नवऱ्याला बांधलेला दोर कुणी कापला, खंजीर शेवटचा कुणाच्या हातात होता, आणि मरण कोणत्या हत्याराने आलं. पोलिसपाटलाने पंचनामा करावा तसं. कागद भरत जातो तशी या चित्रपटाची एक निराळीच बांधणी दिसायला लागते.

लाकूडतोड्याची पहिली जबानी म्हणजे रानात काय सापडलं याची यादी आहे. फांदीला अडकलेली, पडदा लावलेली बायकी टोपी. मग सामुराईची टोपी. मग कापलेला दोर. मग ताइताची पिशवी. आणि मग प्रेत. तो ओरडत पळतो आणि वर्दी देतो. यादीत हत्यार एकही नाही. पहिल्यांदा बघताना हे जाणवतही नाही, कारण आपण प्रेताकडे बघत असतो.

दुसरी जबानी दरोडेखोर ताजोमारूची. त्याची भूमिका करणारा तोशिरो मिफुने ती अंगाने सांगतो. डास मारतो, खाजवतो, आभाळाकडे बघून हसतो. दुपारच्या उकाड्यात झाडाखाली पडलेलो असताना वाऱ्याची एक झुळूक आली, सामुराईच्या बायकोच्या तोंडावरचा पडदा हलला आणि मला ती दिसली. ती झुळूक आली नसती तर तो माणूस मेला नसता, असं त्याचं म्हणणं. पुरलेल्या तलवारी आणि आरसे दाखवतो असं सांगून त्याने नवऱ्याला रानात नेलं आणि बांधलं. बायको खंजीर घेऊन त्याच्यावर तुटून पडली. तो तिला पकडतो तेव्हा तिची नजर झाडांमधून दिसणाऱ्या सूर्याकडे जाते, बोटं सैल होतात आणि खंजीर खाली पडून जमिनीत रुततो. पुढे तिच्याच सांगण्यावरून त्याने नवऱ्याला मोकळं केलं, तलवारीला तलवार तेवीस वेळा भिडली, वीसच्या पुढे माझ्यासमोर आजवर कुणी टिकलं नव्हतं. मरण आलं ते तलवारीने. न्यायाधीश खंजिराबद्दल विचारतो तेव्हा मात्र ताजोमारू हळहळतो. ती किमती वस्तू होती आणि मी ती विसरलो, सर्वांत मोठी चूक केली. खुनाचं त्याला काही वाटत नाही, खंजीर राहून गेल्याचं वाटतं. या ठिकाणी तो खरं बोलत असावा, असं मला वाटतं. फुशारकी मारणारा माणूस स्वतःचा बावळटपणा सहसा रचून सांगत नाही.

बाईची हकिगत अगदी वेगळी. दरोडेखोर निघून गेला, आणि नवरा तिच्याकडे ज्या थंड नजरेने बघत राहिला ती तिला सोसवेना. तिने खंजिराने दोर कापला, खंजीर त्याच्यापुढे धरला, मला मारून टाक म्हणाली. तो नुसता बघत राहिला. खंजीर हातात घेऊन ती त्याच्याकडे जात राहिली आणि शुद्ध हरपली. डोळे उघडले तेव्हा खंजीर नवऱ्याच्या छातीत होता. या पूर्ण प्रसंगाला फुमिओ हायासाकाचं बोलेरो या स्पॅनिश नृत्यप्रकाराच्या चालीवरचं संगीत आहे. एकच लय फिरून फिरून चढत जाते, आणि तिचं भान सुटायच्या आधी आपलं सुटतं.

मग मेलेला नवरा बोलतो, अंगात आलेल्या एका बाईच्या तोंडून. वारा सुटलेला, तिचे केस आणि कपडे उडताहेत, आणि तिच्या ओठांतून पुरुषाचा आवाज येतोय. बायकोने दरोडेखोराला, याला ठार कर, असं सांगितलं. ते ऐकून दरोडेखोरच हादरला. बायको पळाली, दरोडेखोराने दोर कापला आणि तोही गेला. एकटा उरलेल्या नवऱ्याने खंजीर उचलून छातीत खुपसला. आणि मग तो सांगतो, अंधारून येत असताना कुणीतरी हळूच जवळ आलं आणि माझ्या छातीतून खंजीर उपसून घेतला.

इथे वेशीखाली बसलेला लाकूडतोड्या उठतो. खोटं आहे, म्हणतो. खंजीर नव्हताच. तो तलवारीने मेला.

तुला कसं माहीत?

टग्याने नेमकं हेच पकडलं. ज्याला फक्त प्रेत सापडलं होतं, त्याला हत्यार कोणतं ते कसं कळलं? लाकूडतोड्याला आता दुसरी हकिगत सांगणं भाग पडतं. मी सगळं पाहिलं, पण नसत्या भानगडीत पडायला नको म्हणून न्यायालयात बोललो नाही. या चौथ्या हकिगतीत दरोडेखोर बाईपुढे गुडघे टेकून विनवण्या करतोय. बाई नवऱ्याचा दोर कापते. नवरा म्हणतो, असल्या बाईसाठी मी जीव धोक्यात घालणार नाही. ती दोघांनाही डिवचते, तुम्ही पुरुषच नव्हे म्हणते, आणि ते लढतात. पण कसे? दोघांचे हात थरथरतात, तलवारींची टोकं कापतात, धडपडतात, मातीत सरपटतात, धापा टाकतात. नवरा मरायचं नाही म्हणून ओरडतो. तेवीस वारांचा तो डौल कुठेच नाही. मरण आलं ते तलवारीने.

आता कागदाकडे बघा. दोर कापलेला आहे, हे सगळ्यांना मान्य. हत्याराच्या बाबतीत मात्र दोन जबान्या तलवारीच्या आणि दोन खंजिराच्या. आणि लाकूडतोड्या म्हणतो खंजीर नव्हताच, तर त्याच्याच हकिगतीत बाई दोर कशाने कापते? दोर नखांनी तुटत नाही.

बहुतेक प्रेक्षक चौथी हकिगत खरी धरतात. लाकूडतोड्या त्रयस्थ आहे, त्याला खोटं बोलण्याचं कारण नाही, असं गृहीत धरून. पण कारण असलं तर ते सर्वांत जास्त त्यालाच आहे. जरा हिशेब करून बघा. तो माणूस खंजिराने मेला असेल तर खंजीर छातीत असणार. प्रेताजवळ पहिला पोचला लाकूडतोड्या. म्हणजे मेलेल्या, कदाचित अजून पुरता न मेलेल्या माणसाच्या छातीतून हत्यार उपसणारा हात त्याचा ठरतो. आणि तो तलवारीने मेला असेल तर खंजीर जमिनीत रुतलेला कुठेतरी पडला होता, आणि तो कुणी उचलला तर ती साधी भुरटी चोरी. दोन्हींत वस्तू एकच, पण पापात केवढा फरक! लाकूडतोड्याची हकिगत या फरकावर उभी आहे. तरीही ती खोटीच असेल असं म्हणता येत नाही, कारण ताजोमारूही तलवारच सांगतो, आणि खंजिराच्या बाबतीत लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. दोन्ही पारडी अशी बरोबर तोलून धरणं हे पटकथेचं काम आहे आणि ते अतिशय काटेकोरपणे झालं आहे. प्रेत न्यायालयाच्या ताब्यात आलं असणार; तलवारीची जखम आणि खंजिराची जखम यांत फरक असतो. पण जखमेचा उल्लेखच कुठे येत नाही. तो आला असता तर चित्रपट तिथेच संपला असता.

मग आपण चौथ्या हकिगतीवर विश्वास का ठेवतो? माझ्या मते ती बेढब आहे म्हणून. तिला संगीत नाही, फक्त श्वासांचे आणि पाचोळ्याचे आवाज आहेत. माणसं त्यात ओशाळवाणी दिसतात. पडद्यावर काही देखणं दिसलं की आपल्याला ते रचलेलं वाटतं, आणि ओबडधोबड दिसलं की खरं वाटतं. कुरोसावाला आपली ही सवय ठाऊक आहे. ताजोमारूची झुंज जितक्या मेहनतीने बसवलेली आहे तितक्याच मेहनतीने ही फजितीही बसवलेली आहे. थरथरणारं तलवारीचं टोकही तालमीतूनच येतं.

एरवी चित्रपटात भूतकाळ दाखवायचा म्हणजे कॅमेऱ्याने साक्ष द्यायची असते. पात्र तोंडाने खोटं बोलू शकतं, पण ते दिसलं की झालं, पुराव्याला पुरावा मिळाला. त्याच १९५० साली आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये सुरुवातीलाच एक फ्लॅशबॅक येतो आणि शेवटी तो धादांत खोटा निघतो. फसवल्याची प्रेक्षकांची तक्रार झाली, आणि ती आपली चूक होती असं हिचकॉकनेही पुढे मान्य केलं. कुरोसावाने नेमकं तेच केलं आणि त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही, कारण त्याने एकाही हकिगतीला वेगळी वागणूक दिली नाही. कुठे धूसर कडा नाहीत, स्वप्नासारखं तरंगणं नाही. खोटं बोलणाऱ्याच्या रानातही तीच पानं, तोच उन्हाचा कवडसा, तेच घामेजलेले चेहरे. कुठल्याच चित्राला दुसऱ्यापेक्षा जास्त मान नाही.

हे ऊन सहज मिळालेलं नव्हतं. चित्रीकरण नारा शहराजवळच्या जुन्या अरण्यात आणि क्योतोलगतच्या कोम्योजी मंदिराच्या रानात झालं. दाट झाडीखाली इतका काळोख की नेहमीच्या रिफ्लेक्टरांनी भागेना. छायाचित्रणकार काझुओ मियागावाने मोठे आरसे आणवले. झाडीच्या फटीतून जिथे ऊन उतरतं तिथे आरसा धरायचा, ते ऊन थेट नटाच्या चेहऱ्यावर फेकायचं, आणि आरसा व चेहरा यांच्या मध्ये फांद्या धरायच्या, म्हणजे पानांच्या सावल्या चेहऱ्यावर हलतात. रिफ्लेक्टरचा उजेड पसरट आणि मऊ असतो. आरशाचा धारदार, कडा असलेला. म्हणून या चित्रपटात चेहऱ्याचा एक तुकडा लखलखतो आणि त्याला लागून असलेला तुकडा काळामिट्ट होतो. सूर्य सरकला की आरसाही सरकवावा लागतो, नाहीतर दोन शॉट एकमेकांना जुळत नाहीत. शिवाय कॅमेरा थेट सूर्याकडे वळवला. त्या काळी हे कुणी करत नसे. भिंगातून एकवटलेल्या किरणांनी आतली फिल्म जळेल अशी धास्ती असायची. रानातल्या जळवांचा त्रास वेगळाच. झाडांवरून अंगावर पडायच्या, म्हणून सगळी मंडळी निघण्याआधी मानेला, हातांना आणि मोज्यांना मीठ चोळून घ्यायची. पडद्यावर जे रान इतकं लखलखीत दिसतं ते असं उभं राहिलं.

लाकूडतोड्या कुऱ्हाड खांद्यावर टाकून रानात चालत जातो तो सुरुवातीचा भाग पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. एक शब्द नाही. कॅमेरा कधी त्याच्या मागे, कधी पुढे, कधी वर पानांकडे बघत धावणारा. कुऱ्हाडीच्या पात्यावर ऊन चमकतं. उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात इतक्यांदा जायला होतं की दिशेचं भान राहत नाही. हा प्रवास आपल्याला एखाद्या सरळ माणसाची साधी पायपीट वाटतो. खरं तर ती त्याची जबानी आहे, म्हणजे आपण बघतोय तेही त्याने सांगितलेलंच आहे.

आणि ही गोष्ट बाकीच्या हकिगतींनाही लागू आहे. न्यायालयाचं अंगण बघा. पांढरी वाळू, मागे भिंत, समोर साक्षीदार आणि त्याच्या पाठीशी, फ्रेमच्या खोलीत, लाकूडतोड्या आणि भिक्षू बसलेले. न्यायाधीश कधी दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदार आपल्याकडे बघून उत्तरं देतात, म्हणजे ती जागा आपली. पण ते अंगणसुद्धा आपण थेट बघत नाही. वेशीखाली बसून हे दोघं टग्याला जे सांगतात, ते आपल्याला दिसतं. ताजोमारूची फुशारकी, बाईचं रडणं, मेलेल्याचा आवाज, हे सगळं या दोघांच्या तोंडून आलेलं. भिक्षू सोबत आहे म्हणून थोडा भरवसा. पण सांगणाऱ्या दोघांपैकी एकाकडे चोरीचा माल आहे, हे आपल्याला सगळं ऐकून झाल्यावर कळतं.

थेट दिसतं ते फक्त वेशीखालचं जग आणि तिथला पाऊस. तोही गमतीदार आहे. पाणी बंबाच्या नळ्यांनी सोडलं होतं, पण करड्या आभाळापुढे पावसाच्या धारा कॅमेऱ्यात उमटत नव्हत्या. म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली. वेस स्टुडिओच्या मोकळ्या आवारात बांधली होती आणि ती इतकी अवाढव्य झाली की वरचं पूर्ण छप्पर खांबांना पेलणार नव्हतं. तेव्हा छप्पर अर्धं मोडलेलं दाखवायचं ठरलं. चित्रपट काढणाऱ्या दाएई कंपनीला कुरोसावाने सांगितलं होतं की सेट फारसे लागणार नाहीत, एक वेस आणि एक भिंत. पुढे कंपनीतला एक अधिकारी कुरकुरला, की या एका सेटच्या पैशांत शंभरावर साधे सेट झाले असते.

गोष्टीचं मूळ र्युनोसुके अकुतागावाच्या १९२२ सालच्या ‘झाडीत’ या कथेत आहे. त्यात वेस नाही, पाऊस नाही, बाळ नाही, आणि लाकूडतोड्याची दुसरी हकिगतही नाही. ती कथा मेलेल्या नवऱ्याच्या बोलण्यावर संपते. कुणीतरी अदृश्य हाताने छातीतलं पातं उपसतं, बस. तो हात कुणाचा हे अकुतागावा सांगत नाही. शिनोबु हाशिमोतो या तेव्हाच्या अगदी नवख्या लेखकाने या कथेवर पटकथा लिहिली. ती चित्रपटासाठी अपुरी पडत होती. तिला अकुतागावाच्याच १९१५ सालच्या ‘राशोमोन’ कथेतली वेस जोडली गेली, आणि त्या कथेतलं, नडलेल्या माणसाने दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे ओरबाडणंही. या जोडकामाला लोक लांबी वाढवायची युक्ती समजतात. मला ते चित्रपटाचं सर्वांत मोठं धाडस वाटतं. कथेतल्या त्या अधांतरी हाताला त्यांनी खांदा दिला, चेहरा दिला, पोट दिलं.

चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी तीन सहायक दिग्दर्शक कुरोसावाकडे आले होते. पटकथा काहीच कळत नाही, म्हणाले. त्याने समजावलं ते साधारण असं: माणूस स्वतःशीही प्रामाणिक राहू शकत नाही, स्वतःबद्दल बोलताना तो सजवून बोलतो, आणि मेल्यावरही त्याची ही खोड जात नाही. दोघांचं समाधान झालं, तिसरा नाराजच राहिला. कुरोसावाचं हे म्हणणं तीन जबान्यांना तंतोतंत लागू पडतं. एरवी आरोपी खून नाकारतो. इथे तिघंही तो आपल्याकडे ओढून घेतात. ताजोमारूला मर्दानी झुंज हवी आहे, बाईला असह्य दुःख हवं आहे, नवऱ्याला मानाचं मरण हवं आहे. आपल्या नजरेत आपली जी प्रतिमा आहे ती शाबूत राहावी म्हणून माणसं फाशीसुद्धा पत्करायला तयार आहेत. चौथ्याचं मात्र तसं नाही. लाकूडतोड्या स्वतःला कुठेच मोठं करत नाही. त्याच्या खोट्याला प्रतिष्ठेची नव्हे, तांदळाची गरज आहे. तीन खोटी मनातून निघालेली आणि एक पोटातून. त्या तिसऱ्या सहायकाला हाच सांधा खुपला असेल का, कोण जाणे.

१९५१ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चित्रपट तिथे पाठवलाय हे कुरोसावाला माहीतही नव्हतं. जपानमध्ये ‘इटालियाफिल्म’ या कंपनीच्या प्रमुख असलेल्या जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन बाईंनी त्याची शिफारस केली होती. तेव्हापासून हा चित्रपट सत्य, भ्रम, स्मृती असल्या मोठ्या शब्दांच्या ओझ्याखाली आहे. आणि त्या सगळ्यात त्याच्या शेवटाला कायम नावं ठेवली गेली. पाऊस थांबतो, ऊन पडतं, लाकूडतोड्या अनाथ बाळ घरी नेतो, हे अनेकांना फार गोड वाटतं, वरून चिकटवल्यासारखं.

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा त्या कागदावरच आहे. लाकूडतोड्या बाळाकडे हात नेतो तेव्हा भिक्षू आधी ते मागे ओढतो. आता याच्या अंगावरचं उरलंसुरलंही घेणार का, असं त्याला वाटतं. वाटणारच, खंजिराचा प्रश्न आणि त्यावरचं मौन त्याने नुकतंच पाहिलंय. लाकूडतोड्या म्हणतो, घरी माझी सहा आहेत, सातवं काही जड होणार नाही. भिक्षू शरमतो, माफी मागतो आणि बाळ त्याच्या हातात देतो. न्यायालयात अर्धवट साक्ष दिलेल्या, प्रेताजवळचा ऐवज उचललेल्या, आणि दोन वेळा दोन हकिगती सांगितलेल्या माणसाच्या हातात. तेही पुरावा म्हणून हाती काहीच नसताना. कारण सहा मुलं आहेत, हेसुद्धा लाकूडतोड्याचंच सांगणं आहे.